आधी सत्कार, मग कादंबरी

मुलांनो, डोळे मिटा पाहू. आता एक जिना डोळ्यांसमोर आणा. फार ऐटबाज नको. आपल्या भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या आसपास कुठल्याही चार मजली इमारतीत असतो तसलाच. लोकांनी थुंकू नये म्हणून कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवलेल्या, कठडा लोखंडी, दिवा गेलेला. आता या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, एक भलंमोठं सागवानी टेबल अडकवा. अडकलं? हलवून बघा. हललं तर पुन्हा नीट अडकवा, कारण आपलं टेबल मुळीच हलत नव्हतं. आता असं समजा की तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, पाठीला दप्तर आहे आणि शाळेची घंटा व्हायची वेळ झाली आहे. तुम्ही कसे जाल? टेबलावरून की टेबलाखालून?

शुभंकर सोसायटीतली मुलं खालून जात. मोठी माणसं कडेच्या फटीतून, पोट आत ओढून जात. ज्यांचं पोट आत जाण्याच्या पलीकडे पोचलं होतं, ती टेबलावर चढून पलीकडे उतरत आणि जाता जाता टेबलाच्या मालकाला दोन शब्द ऐकवत. मालकाचं नाव गुणवंत मोकाशी. हा मनुष्य विम्याच्या कचेरीत नोकरीला होता, स्वभावाने गरीब होता, आणि आजवर त्याच्यामुळे कोणाचाही रस्ता अडला नव्हता.

टेबल कशासाठी आणलं होतं? कादंबरी लिहायला. आणि कादंबरी कशासाठी लिहायची होती? सत्कार झाला होता म्हणून. तुम्ही म्हणाल, हे उलटं झालं. आधी कादंबरी लिहायची असते, मग सत्कार होत असतो. बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही अजून लहान आहात. मोठ्या माणसांच्या मंडळात काय काय होतं ते तुम्हाला माहीत नाही.

झालं असं की, सोसायटीच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी एका नामांकित नटाचा सत्कार ठेवला होता. मंडप भरला, माईकची शिट्टी वाजून बंद झाली, शाल घडी मोडून ताटात ठेवली गेली आणि नारळाला कुंकू लागलं. एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई धावत आले. टेलिफोन त्यांच्याच घरी होता. नटाची गाडी वरसावे पुलाच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकली होती, आणि ती रांग हलेना म्हणून नट आल्या रस्त्याने घरी निघून गेला होता.

आता पंचाईत बघा. नट परत जाऊ शकतो, पण कुंकू लागलेला नारळ परत जाऊ शकत नाही. निदान मंडळाचे अध्यक्ष दत्ताराम पेडणेकर यांचं तसं ठाम मत होतं. सत्काराचं ताट एकदा सजलं की ते कोणाच्या तरी हातात पडलंच पाहिजे, नाहीतर मंडळाला वर्षभर अपशकुन. पण द्यायचं कोणाला? दहावी-बारावीतल्या गुणवंतांचे सत्कार आदल्याच दिवशी झाले होते. सोसायटीतले निवृत्त लोक दोन-दोनदा झाले होते. पेडणेकरांची नजर मंडपभर फिरली आणि तिसऱ्या रांगेत गुणवंतवर येऊन थांबली. कारण त्याच सकाळी आरतीच्या वेळी, कापूर पेटत नव्हता तेवढ्या अवधीत, गुणवंत त्यांना सहज म्हणाला होता, "एक कादंबरी डोक्यात घोळतेय हो बरीच वर्षं."

पेडणेकरांनी माईक ओढला. "बंधू-भगिनींनो, आपण बाहेरचे कलावंत शोधत बसतो! पण आपल्याच बी विंगमध्ये एक कादंबरीकार मुकाट्याने साधना करतोय, याची किती जणांना कल्पना आहे?"

कोणालाच नव्हती. गुणवंतलाही नव्हती. तोही मान वळवून बी विंगमधलं कोण ते बघू लागला. तोपर्यंत शाल त्याच्या खांद्यावर पडली होती.

त्याच वेळी त्याने उठून सांगायला हवं होतं की डोक्यात असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. पण मुलांनो, अंगावर शाल असताना खरं बोलणं फार अवघड असतं. टाळ्या वाजत होत्या. पुढच्या सतरंजीवर त्याची चौथीतली मुलगी संपदा बसली होती, आणि ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. पेडणेकर तेवढ्यावर थांबले नाहीत. मंडळ यंदापासून स्वतःचा दिवाळी अंक काढणार, आणि त्यात मोकाशींची संपूर्ण कादंबरी असणार, हेही त्यांनी जाहीर करून टाकलं. छापखान्याला मजकूर दसऱ्याला द्यायचा. कादंबरीचं नाव काय, असं त्यांनी तिथेच माईकवर विचारलं. गुणवंतला घाम फुटला आणि घामाबरोबर एक नावही फुटलं: 'काळोखाचे कंगोरे'. त्याचा अर्थ त्याला आजही विचारू नका.

आठवड्याभरात मुखपृष्ठ छापून आलं. एवढ्या घाईने का, तर छापखान्यात त्या दिवशी काळी शाई मोठ्या प्रमाणात कालवलेली होती. काळोख, त्यावर कंगोरे, खाली 'गुणवंत मोकाशी यांची संपूर्ण कादंबरी'. पेडणेकरांनी त्याचे नमुने दाखवून वाण्यापासून डेअरीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती मिळवल्या. आता दसऱ्याला कादंबरी दिली नाही, तर गुणवंतला सोसायटीत तोंड दाखवता येणार नव्हतं. आणि जिना एकच होता.

पहिल्या रविवारी त्याने आंघोळ करून, उदबत्ती लावून पहिलं वाक्य लिहिलं: 'क्षितिजावर संध्याकाळ झाली होती.' त्याची बायको सुचेता लसूण सोलत होती. तिने ते वाचलं आणि विचारलं, "अहो, मग बाकीच्या ठिकाणी काय झालं होतं?"

या प्रश्नाने गुणवंत जो अडला तो अडलाच. माणूस लिहायचा थांबला की सल्ले चालू होतात. पेडणेकर म्हणाले, पहाटे उठा, मोठमोठे लोक पहाटे लिहितात. गुणवंत पहाटे उठला, तर नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं आणि साहित्याच्या वेळात त्याला बादल्या भराव्या लागल्या. जितेंद्रभाई म्हणाले, "तुम्ही जमिनीवर बसून लिहितात ना? मग कसा होणार? बिझनेस असो नाहीतर नॉवेल, टेबल पाहिजेच. आपल्या ओळखीचा फर्निचरवाला आहे."

टेबल आलं ते असं. पहिल्या मजल्यापर्यंत हमालांनी ते फुलासारखं नेलं. पण बिल्डरने पहिल्या मजल्यानंतर जिना हळूच अरुंद करून उरलेली जागा कोणाच्या तरी बाल्कनीत घातली होती. ही गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती टेबलाच्या लक्षात आली. वळणावर त्याचे दोन पाय कठड्याच्या गजांत घुसले आणि दुसऱ्या टोकाने भिंतीत खोबण केली. वर जाईना, खाली येईना. हमाल बिडी ओढायला म्हणून गेले आणि ओढतच राहिले असावेत, कारण ते परत आले नाहीत.

"पाय कापून टाका," सुचेता म्हणाली.

"कोणाचे?" गुणवंतने घाबरून विचारलं.

पण पाय कापायला करवत फिरवायची तर कठडा आड येत होता. आणि कठडा कापायचा तर तो सोसायटीच्या मालकीचा. जितेंद्रभाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. "गुणवंतभाई, आपल्या मनात काय पण नाय. पण कॉमन प्रॉपर्टीला हात लावायचा तर जनरल बॉडीचा ठराव पाहिजे. आणि कॉमन पॅसेजमध्ये सामान ठेवला तर मला नोटीस द्यावी लागेल. ही घ्या." नोटीस त्यांनी लिहूनच खिशात आणली होती. सर्वसाधारण सभा बोलावली गेली. वरच्या मजल्यांवरचे सभासद टेबलापर्यंत आले, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि खाली उतरायचा कंटाळा येऊन ते परत गेले. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली. टेबलामुळे टेबलावरची सभा होईना. गुणवंतने त्या नोटिशीला उत्तर लिहिलं. ते उत्तर कादंबरीपेक्षा बरंच लांब झालं.

तेव्हा त्याच्या कचेरीतला बेनेडिक्ट मदतीला धावला. बेनेडिक्ट उत्तनचा. "मोकाशी, तू रविवारी आमच्याकडे ये. समोर समुद्र, वर आकाश. कोण तुला हाक मारणार नाय. बघ, कादंबरी अशी भरतीसारखी येते."

गुणवंत कागद घेऊन गेला. संपदाही हट्टाने बरोबर गेली. ओटीवर खुर्ची मांडली गेली. समुद्र पाहिला की प्रतिभा उभी राहते असं गुणवंतने ऐकलं होतं. त्याची आडवी झाली. वारा सुटला होता, बोंबील वाळत होते, आणि डोळे उघडे ठेवण्यासारखं क्षितिजावर काहीही होत नव्हतं.

बेनेडिक्टची आई बर्नडेट आतल्या दारात सुकी मासळी निवडत बसली होती. तिने संपदाला जवळ बोलावलं. "ये गं बाय, बस. तुजा बापूस काय करतंय थयं?"

"कादंबरी लिहितायत."

बर्नडेटने मान उंचावून पाहिलं. "पेन हाय हातान, पन लिवत तं न्हाय. घोरतंय!"

मग ती आणि संपदा बराच वेळ काहीतरी बोलत बसल्या. मधूनच दोघी खो खो हसत. गुणवंतला झोपेत ते ऐकू येत होतं, आणि आपल्या एकाग्रतेचा भंग होतोय म्हणून त्याला राग येत होता.

उत्तनहून तो एकही ओळ न लिहिता परतला आणि त्याने मनाशी ठरवलं: सत्कार परत करायचा. शाल नीट इस्त्री करून, कागदात गुंडाळून तो पेडणेकरांच्या दारात उभा राहिला.

"परत?" पेडणेकर खुर्चीतून उठलेच. "गुणवंतराव, सत्कार परत घ्यायची आपल्या मंडळाच्या घटनेत तरतूद नाही. आणि समजा घेतला, तर नारळ कुठाय?"

नारळ परवाच्या आमटीत होता. सुचेताने अर्धा वाटपाला आणि अर्धा वड्यांना घातला होता. वड्यांतल्या चार तिने पेडणेकरांकडेच पाठवल्या होत्या.

"म्हणजे सत्कारातला काही भाग आमच्याही पोटात गेलाय," पेडणेकर गंभीरपणे म्हणाले. "आता तो परत कसा घेणार? तुम्ही लिहा हो. प्रेरणा प्रेरणा म्हणून काय बसलात? दसऱ्याला मी स्वतः न्यायला येतो."

गुणवंत शाल बगलेत मारून परत निघाला. जिन्यात टेबलाखाली मुलांची गर्दी होती. त्याला पाहताच ती सगळी एकदम गप्प झाली. हल्ली सगळेच त्याला पाहून गप्प होतात, असं त्याला वाटलं, आणि त्याने पोट आत ओढलं.

इथून पुढे मात्र काहीतरी चमत्कारिक सुरू झालं. एके दिवशी जितेंद्रभाई दुसरी नोटीस द्यायला आले. नोटीस दिली, सही घेतली, तरी जाईनात. घुटमळले. मग हळूच म्हणाले, "एक बात पूछूँ? तो टेलर वाचतो ना? नाय, आमच्या बाने विचारलाय. तिला काल झोप नाय आली."

"कोणता टेलर?"

जितेंद्रभाईंनी डोळा मिचकावला. "सस्पेन्स! समजला, समजला. नका सांगू." आणि जाताना त्यांनी चक्क नोटीस परत खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पेडणेकरांनी टेबलाच्या अलीकडून टाळी दिली. "वा, गुणवंतराव! लग्नाच्या सुटाच्या कापडाचं शीड! काय कल्पना आहे! नावात काळोख पाहून मी जरा घाबरलो होतो, पण हे म्हणजे भलतंच मजेदार. संपादकीयात उल्लेख करतोय."

गुणवंत हसला. कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. घरी जाऊन त्याने आपले कागद पुन्हा तपासले. क्षितिजावर अजून संध्याकाळच होती. शिंपी कुठेच नव्हता. त्याला वाटलं, पेडणेकरांनी परस्पर दुसरा लेखक गाठला असावा. मग वाटलं, आपल्याला वेड लागतंय. खरं सांगायचं तर या दोन्हींपैकी वेड लागलेलं परवडलं, असं त्याला वाटत होतं.

त्या शुक्रवारी तो डोकं दुखतंय म्हणून दुपारीच घरी आला. पहिल्या मजल्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला. ओळखीचा. तो तसाच भिंतीला चिकटून उभा राहिला.

टेबलावर मांडी घालून संपदा बसली होती. वरच्या पायऱ्यांवर ओळीने मुलं. सगळ्यांत खाली तळमजल्यावरची छोटी सुलू आणि चौथ्या मजल्यावरचा रोशन. वरच्या कठड्याशी, काहीतरी वाळत घालण्याच्या निमित्ताने, जितेंद्रभाईंची बा, म्हणजे आई, उभी होती.

"तर काल कुठे होतो आपण?" संपदा म्हणाली.

"धर्माजी शिंप्याने शीड शिवलं!" रोशन ओरडला.

"हां. तर धर्माजी बिचारा उत्तनला गेला होता नवरदेवाचं माप घ्यायला. नवरदेव म्हणाला, मला वेळ नाय, होडी सुटते, माप घ्यायचं तर होडीत ये. धर्माजी होडीत चढला, त्याने टेप लावली, छाती मोजली, बाही मोजली, आणि मान वर करून बघतो तर किनारा गायब! वादळात शीड फाटलं तेव्हा त्याने सुटाचं कापड लावून ते शिवलं. आता शीड झालं, पण सूट गेला. लग्न तर उद्यावर. नवरदेव म्हणाला, मी काय शीड नेसून चर्चमध्ये जाऊ? तेवढ्यात जाळं जड झालं. सगळ्यांनी ओढलं. ओढलं, ओढलं, आणि वर काय आलं असेल?"

"मासा!" सुलू म्हणाली.

"मासा नाही. पेटी. लोखंडाची. हे एवढं मोठं कुलूप. सगळे मागे सरकले. धर्माजीने पेटीला कान लावला." संपदाने टेबलाला कान लावला. जिन्यात इतकी शांतता झाली की बाचं धुणं ठिबकताना ऐकू येत होतं. "आणि आतून कोणीतरी वाजवलं. टक. टक. टक."

"संपदा!" वरून सुचेताची हाक आली. "सहामाही तोंडावर आली आणि तू अजून जिन्यात? उद्यापासून टेबलाकडे फिरकायचं नाही. परीक्षा होईपर्यंत गोष्टी बंद!"

मुलं हिरमुसून पांगली. खाली गुणवंत भिंतीला चिकटून तसाच उभा होता. डोकेदुखी कुठे गेली होती कोणास ठाऊक. तो धडपडत वर आला.

"संपे, हे काय चाललंय?"

संपदा दचकून टेबलावरून उतरली. "तुमची कादंबरी."

"माझी?"

तिने चपलेच्या टोकाने फरशी उकरली. "सगळे रोज विचारतात, तुझ्या बाबांची कादंबरी कुठवर आली? मग मी काय सांगू? एक वाक्य झालं म्हणून? तेपण आईने बाद केलेलं?" तिचे डोळे भरून आले. "रोशन म्हणाला, तुझे बाबा लिहीतच नाहीत, नुसती शाल घेतली. म्हणून मी म्हटलं, लिहितात, ऐक. बर्नडेटआजीने सांगितलं होतं, त्यांच्या गावात एकदा खरंच एक शिंपी माप घेता घेता होडीतून गेला होता. पुढचं मी जोडलं."

मुलांनो, गुणवंतच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला राग आला असता की रडू? त्याला दोन्ही आलं. संबंध इमारत ज्या कादंबरीसाठी त्याची पाठ थोपटत होती, ती त्याच्या चौथीतल्या मुलीची होती. त्याचा मान राखायला तिने ती रचली होती. यावर एखादं भारदस्त वाक्य बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं:

"पेटीत कोण आहे गं?"

"मला काय माहीत? मी अजून तिथवर पोचलेच नाही. आणि आता तर गोष्टी बंद."

ती पाढे पाठ करायला निघून गेली. गुणवंत मात्र पेटीपाशी राहिला. जेवताना त्याला टक टक ऐकू येई. कचेरीत एका विमाधारकाच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याने नकळत होडी काढली. त्याने बेनेडिक्टला विचारलं, "समुद्रात पेटी सापडली तर आत काय असेल?" बेनेडिक्ट म्हणाला, "पाणी." त्याने संपदाला पुन्हा विचारून पाहिलं, गोळीचं आमिष दाखवून पाहिलं. ती अपूर्णांकांत बुडाली होती. अख्ख्या इमारतीत पेटी उघडू शकेल असं आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाकडे टेबल होतं.

तो जिन्यात जाऊन बसला. वरच्या पायरीवर बूड, टेबलावर कागद. पेटीपासूनच सुरू करावं म्हटलं, पण भर समुद्रात पेटी उघडायची तर आधी होडी तिथवर न्यायला हवी. होडी न्यायची तर शिंपी चढायला हवा. शिंपी चढवायचा तर त्याला भाईंदरहून आणायला हवा. गुणवंतने धर्माजीला केबिन रोडवरच्या दुकानातून उठवलं, गळ्यात टेप घातली आणि निघाला. संध्याकाळ झाली आहे की नाही हे बघायचंही तो विसरला.

आता जाणारे-येणारे टेबलाच्या कडेने जात, पण कोणी बोलत नसे. फक्त पान वाचता येतं का ते बघत. एकदा जितेंद्रभाई थांबले. "टेलरला समुद्राची भीती वाटते, पण पाण्याची नाय. तो रोज कपडा भिजवतो ना," एवढं सांगून गेले. गुणवंतने ते घेतलं. गंमत म्हणजे याच दिवसांत एका रविवारी सर्वसाधारण सभेची गणसंख्या पुरी झाली, आणि कठडा कापायचा ठराव लेखकाच्या कामात व्यत्यय नको म्हणून पुढे ढकलला गेला. नोटीस दिलेल्याच माणसाने तो ढकलला.

दसऱ्याची सकाळ उजाडली तेव्हा पेटी होडीत आली होती, कुलूप तुटलं होतं, फक्त झाकण उघडायचं बाकी होतं. खालून पेडणेकरांचा आवाज आला. "गुणवंतराव! हे घ्या सोनं!" त्यांनी आपट्याची पानं टेबलावर ठेवली आणि दुसरा हात पुढे केला. "आता द्या कादंबरी. छापखानेवाला रिक्षात बसलाय."

"पाच मिनिटं. झाकण उघडतोय."

"उघडा, उघडा. मी धरून आहे." पेडणेकरांनी कागदाचं खालचं टोक धरलं आणि ते हळूहळू आपल्याकडे ओढू लागले. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. मुलांनो, असा कागदाला कोणी धरलेला असताना माणूस काय लिहिणार? जे सगळ्यांत जवळ असेल ते. गुणवंतने मनगटाकडे पाहिलं, आणि लिहिलं: पेटीत एक घड्याळ होतं. त्याचा लंबक आतून पेटीवर आपटत होता. टक, टक, टक. शेवटचा टक लिहिताना पेन कागदाबाहेर गेलं, कारण कागद पेडणेकरांच्या हातात गेला होता.

शीर्षकाखाली 'मूळ गोष्ट: कु. संपदा मोकाशी' असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. तेवढं मात्र नीट, न घाई करता.

अंक दिवाळीच्या आधी आला. मोठी माणसं बेहद्द खूश झाली. पेडणेकर म्हणाले, शेवटची कलाटणी म्हणजे काळाचं प्रतीक आहे. जितेंद्रभाईंनी शेवट बाला वाचून दाखवला आणि ती म्हणाली, चला, टेलर वाचला, मला एवढंच पाहिजे होतं. बेनेडिक्टने एक अंक उत्तनला नेला. गुणवंत मान ताठ ठेवून जिना चढू-उतरू लागला. टेबलापाशी ती वाकवावी लागे, तेवढंच.

परीक्षा संपल्याच्या दुपारी तो दुकानातून पणत्या घेऊन येत होता. वळणाखाली पोचला आणि त्याला वर मुलांचा आवाज आला. अंक सगळ्यांच्या मध्ये टेबलावर उघडा होता.

"घड्याळ?" रोशन म्हणत होता. "एवढं सगळं करून घड्याळ?"

"पाण्यात घड्याळ बंद पडतं," सुलू म्हणाली. तिच्या बाबांचं पडलं होतं.

गुणवंत पायरीवरच थबकला. आता आपली मुलगी आपल्या बाजूने बोलेल, प्रतीकाबद्दल काहीतरी सांगेल, असं त्याला वाटलं. तो वाट पाहू लागला.

संपदाने शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं. मग तिने अंक मिटला, त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि तो नीट भिंतीकडे सरकवून ठेवला. "ते छापण्यापुरतं होतं," ती म्हणाली. तिने टेबलावर मांडी घातली, सुलूला जवळ ओढलं, आणि दोन्ही हातांनी एक जड, गंजलेलं झाकण हळूहळू वर उचलायला सुरुवात केली.